किराणा गायकीचे खाँसाहेब

किराणा घराणे हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाण्याचे दुकान आठवते. गाण्याशी डाळ-तांदळाचा काय संबंध, असे वाटून तो हसतो. संबंध नाहीच. हे नाव आहे एका गावाचे. उत्तर प्रदेशात, यमुनेच्या पलीकडे पानिपतजवळ कैराना नावाचे जुने गाव आहे. पूर्वी ते मुजफ्फरनगर जिल्ह्यात होते, आता शामली जिल्ह्यात आहे. त्या गावच्या गवय्यांची आणि सारंगियांची गायकी ती किराणा गायकी. नाव उत्तरेतले असले तरी हे गाणे वाढले, फुलले आणि घरोघर पोहोचले ते मात्र कृष्णाकाठी मिरजेत, पुण्यात आणि तिकडे हुबळी-धारवाडच्या मुलखात. ते इकडे आणणारा माणूस मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात कायमचा विसावला आहे. त्यांचे नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म 1872 साली कैरान्यात झाला. घरात सारंगी, बीन आणि गाणे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांनी त्यांना तालीम दिली. ज्या घरात सारंगी वाजते त्या घरातल्या मुलाचा कान वेगळाच तयार होतो. सारंगीला पडदे नसतात. सूर कुठे आहे ते बोटाने आणि कानाने शोधावे लागते, आणि केसाएवढी चूकही लगेच कळते. खाँसाहेबांच्या गाण्यात सुराच्या नेमकेपणाचा जो ध्यास पुढे दिसला, त्याचे मूळ या घरात आहे.

ऐन विशीत ते धाकटे बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याला आले. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. तिथेच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. राजघराण्याच्या नात्यातले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. शिकता शिकता दोघांची मने जुळली. एक परप्रांतातला मुसलमान गवई आणि एक मराठा सरदारकन्या! त्या काळात हे लग्न बडोद्यात होणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. दरबाराची नोकरी गेली, आश्रय गेला. मुंबई करीत ते मिरजेला आले.

मिरज तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे राहत होते. विष्णू दिगंबर पलुस्करांनी त्यांच्याकडे इथेच धडे घेतले. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरात सतार-तंबोरे घडू लागले होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे गाड्या भरून येत आणि त्यांचे तंबोरे होऊन हिंदुस्थानभर जात. मिरजेचे सतारमेकर आजही ते काम करतात. खाँसाहेबांना या कारागिरांच्या ओळीत करमत असे. ते स्वतः बीन वाजवीत, वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत. तंबोऱ्याची जवारी नीट लागावी म्हणून घोडीवर तारेखाली सरकवायचा तो बारीकसा दोरा नेमका कुठे बसला की तार बोलते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय ते गायला सुरुवात करीत नसत.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. प्लेगच्या साथीत खाँसाहेब स्वतः आजारी पडले आणि या दर्ग्यात येऊन त्यांनी गाऊन दुआ मागितली, त्यानंतर ते बरे झाले, असे मिरजेतले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. श्रद्धेच्या गोष्टीला पुरावा मागत नाहीत. इतके खरे, की पुढे दर वर्षी उरुसात खाँसाहेब जिथे असतील तिथून मिरजेला येत आणि दर्ग्यात हजेरी लावत. ही हजेरी म्हणजे गाणे. समोर श्रोते असोत वा नसोत.

आता त्यांच्या गाण्याविषयी थोडे. शास्त्रीय संगीत आपल्याला कळत नाही असे म्हणून पुष्कळजण दूर राहतात, त्यांनी सुरुवात करावी ती याच गाण्यापासून. खाँसाहेबांचा आवाज भरदार, पहाडी नव्हता. तो बारीक, टोकदार आणि तारेसारखा लांब जाणारा होता. म्हणून त्यांनी गाणेही तसेच घडवले. काही घराण्यांत लयीशी खेळ असतो, काही ठिकाणी बोलांची गुंफण असते, कुठे तानांची आतषबाजी असते. किराण्यात आधी सूर. गवई संथ लयीत षड्जावर बसतो आणि घाई न करता एकेका स्वराची ओळख करून देत वर चढतो. नव्या गावात शिरणाऱ्या पाहुण्याला यजमानाने एकेक घर दाखवत न्यावे, तसा हा राग उलगडतो. ऐकणाऱ्याने काही ओळखायची, मोजायची गरज नाही. तंबोऱ्याच्या नादात एक सूर दुसऱ्या सुरात कसा विरघळतो एवढेच ऐकावे. दोन-तीनदा ऐकले की कान आपोआप वाट धरतो.

ख्यालाबरोबरच त्यांची ठुमरी गाजली. पूर्वेकडची ठुमरी शब्दांच्या अदाकारीवर चालते. खाँसाहेबांनी तिच्यातला नखरा काढून टाकला आणि विरहाची आर्तता तेवढी ठेवली. भैरवी आणि झिंझोटी या रागांतल्या त्यांच्या ठुमऱ्यांच्या तबकड्या मराठी घरांत, हॉटेलांत, दुकानांत वर्षानुवर्षे वाजल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. एवढ्यात राग उभा करणे ही सोपी गोष्ट नव्हे. मराठी रंगभूमीचाही त्यांना लळा होता. मानापमान नाटकातले एक पद त्यांनी आपल्या ढंगाने ध्वनिमुद्रित केले आहे.

त्यांची आणखी एक वाट दक्षिणेकडे गेली. म्हैसूरच्या दरबारातून त्यांना वरचेवर बोलावणे येई. तिथे त्यांनी कर्नाटक संगीत नुसते ऐकले नाही, विद्यार्थ्यासारखे समजून घेतले. उत्तर हिंदुस्थानी गवई तोवर दक्षिणेच्या गाण्याकडे फारसे लक्ष देत नसत. खाँसाहेबांनी तिथली सरगम गाण्याची पद्धत उचलली आणि आपल्या ख्यालात मुरवली. त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक रचना त्यांनी तेलुगूत गाऊन तिची तबकडी काढली. कैरान्याचा मुसलमान उस्ताद रामभक्त त्यागराजांची कृती म्हैसूर-मद्रासच्या जाणकारांसमोर गातो आणि ते मान डोलावतात, हे चित्र आज डोळ्यांसमोर आणून पाहावे.

म्हैसूरच्या वाटेवर धारवाड-हुबळीचा मुलूख लागे. तिथे जवळच कुंदगोळ गावात त्यांना एक मुलगा शिष्य म्हणून मिळाला, रामराव कुंदगोळकर. हेच पुढे सवाई गंधर्व म्हणून ओळखले गेले.

1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. नाव पाहा आणि चालक पाहा. मुले घरातच राहत, तिथेच जेवत, तिथेच शिकत. जलशांतून येणाऱ्या पैशांवर हा सारा प्रपंच चाले. शिष्यांत बहुतेक हिंदू घरांतली मुले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी त्यांतलेच. गुरूचे चरित्र त्यांनीच पुढे मराठीत लिहिले. खाँसाहेबांनी एका कुत्र्यालाही सूर लावायला शिकवले होते आणि तो जलशात आपला आवाज मिसळत असे, ही गोष्ट जुने लोक मोठ्या गमतीने सांगत. त्याच काळात सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स हे दोघे बावीस श्रुतींचे गणित मांडत होते. सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतराचे माप त्यांना हवे होते. ते गळ्यातून काढून दाखवले खाँसाहेबांनी. शाळेत फार न शिकलेला हा माणूस विद्वानांच्या प्रयोगात मोजपट्टी ठरला.

बाहेर असा मान वाढत असताना घर मात्र तुटत होते. ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुले झाली. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, सकीना अशी नावे घरात होती, आणि एक कृष्णा. मुले गाण्यातच वाढत होती. नवरा-बायकोत अंतर पडत गेले आणि 1920 च्या आसपास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, गुलाब कमलाबाई आणि सकीना सरस्वती राणे. ज्या बापाने दुसऱ्यांची मुले घरात ठेवून शिकवली, त्याच्या हातून स्वतःची मुले निसटली. यात दोष कोणाचा, याचा निवाडा करणारे आपण कोण? ताराबाईंनी एकटीने पाच मुलांना वाढवले, गाण्यात उभे केले, ही गोष्टही लहान नाही.

खाँसाहेबांनी पुढे शिष्या बानूबाई लाटकर यांच्याशी लग्न केले आणि मिरजेतच कायमचे राहिले. जलसे चालू होते, तबकड्या निघत होत्या. रोशनआरा बेगम या तरुण मुलीला त्यांनी याच काळात तालीम दिली. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि किराण्याचा सूर तिकडेही पोहोचला.

तोडलेले नाते गळ्यातून मात्र तुटले नाही. हिराबाईंनी वडिलांचेच नातलग अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली. वडिलांचे नाव न लावणारी मुलगी मैफलीत षड्ज लावी तेव्हा जाणत्यांना तो कोणाच्या घरचा हे वेगळे सांगावे लागत नसे. सभ्य घरातल्या बायकांनी मैफलीत गावे की नाही, असा वाद चालू असतानाच्या दिवसांत हिराबाईंनी व्यासपीठावर बसून ख्याल गायला, आणि पुढच्या कितीतरी मुलींची वाट मोकळी झाली. सरकारने 1970 साली त्यांना पद्मभूषण दिले. सुरेशबाबूंनी प्रभा अत्रे यांच्यासारखी शिष्या घडवली. सरस्वती राणे यांचा आवाज 1943 च्या रामराज्य चित्रपटातून देशभर गेला.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासला होते. वय पासष्टीला टेकलेले. जलसा आटोपून ते पाँडिचेरीला निघाले. गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले, छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. खाँसाहेबांनी नमाज अदा केली. मग तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी रागाच्या सुरांत अल्लाहची आळवणी केली. गाता गाताच ते शांत झाले. तारीख होती 27 ऑक्टोबर. शाबान महिना संपत आला होता, रमजानचा चाँद आठ-दहा दिवसांवर होता.

त्यांचा देह मिरजेला आणला गेला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला गेला. जिथे ते दर वर्षी हजेरी लावत, तिथेच.

सवाई गंधर्वांचे शिष्य म्हणजे गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू आणि भीमसेन जोशी. गदगचा लहान भीमसेन एका दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडावला आणि तसे गाणे शिकायला घर सोडून पळाला, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच भीमसेनांनी गुरूच्या नावाने पुण्यात जो महोत्सव वाढवला तो सवाई. आज दर हिवाळ्यात हजारो लोक तिथे शाल पांघरून बसतात. त्यांतल्या कितीजणांना आठवत असेल की या साऱ्याच्या मुळाशी कैरान्याहून आलेला, पाच वक्तांची नमाज जाणणारा एक उस्ताद आहे?

मिरजेत मात्र आठवण आहे. उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान पहिला असतो आणि दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. गावोगावचे गायक-वादक येतात. मोठ्या बिदागीसाठी नव्हे, हजेरी लावण्यासाठी. झाडाखाली सतरंजी अंथरलेली असते. तिच्यावर पंडितही बसतात, उस्तादही, आणि गाणे कळत नाही म्हणणारे बाजारपेठेतले लोकही. रात्र चढत जाते. ज्याला किराणा म्हणजे काय हे ऐकायचे आहे, त्याने एकदा तिथे जावे. तिकीट लागत नाही.