पदवीनंतरचे पहिले वर्ष : भीमराव आंबेडकर आणि बडोदे

पदवी परीक्षेचा निकाल लागला की घराघरांत दोन प्रश्न सुरू होतात. नोकरीचे काय, आणि पुढे शिकायचे की नाही? कुणाला घरचा भार लगेच उचलायचा असतो, तर कुणाला आणखी शिकायची ओढ असते. अशाच पेचात सापडलेल्या एका तरुणाची हकिकत या अंकात देत आहोत. तिचा संबंध आपल्या बडोदे शहराशी आहे, म्हणून येथील मराठी मुलांना ती नीट माहीत असायला हवी. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढे सारा देश त्यांना बाबासाहेब म्हणू लागला. पण १९१३ च्या जानेवारीत ते एकवीस वर्षांचे, नुकतेच बी. ए. झालेले गृहस्थ होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत असत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. महार जातीत जन्म झाल्यामुळे साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने पाणी दिले तरच प्यायचे. पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत राहायला आले. एका खोलीत सारे बिऱ्हाड. सुभेदार रात्री जागत बसत आणि दोन वाजले की मुलाला अभ्यासाला उठवत. त्याने पुस्तक मागितले आणि हाती पैसे नसले, तर लेकींचे दागिने गहाण टाकून ते पुस्तक आणीत.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजात ही गोष्ट तेव्हा इतकी दुर्मिळ होती की त्यासाठी सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. याच केळुसकर गुरुजींनी, पैशांअभावी मुलाचे कॉलेज अडणार असे दिसताच, त्याची महाराज सयाजीराव गायकवाडांशी गाठ घालून दिली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या बळावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ च्या परीक्षेत बी. ए. झाले. विषय होते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. त्याच सुमारास, १२ डिसेंबर १९१२ रोजी, त्यांना यशवंत हा मुलगा झाला.

म्हणजे पदवी हाती आली तेव्हा घरात तान्हे मूल, पत्नी रमाबाई, थकलेले वडील आणि भावांचा संसार अशी सारी मंडळी होती. मुंबईत नोकरी शोधावी, घराजवळ राहावे, असे सुभेदारांचे मत होते. बडोद्याला जाण्यास त्यांची संमती नव्हती. पण ज्या संस्थानाच्या पैशावर आपण शिकलो त्याची नोकरी करणे हे आपले कर्तव्य आहे, असे भीमरावांना वाटत होते. वडिलांची इच्छा मोडून ते जानेवारी १९१३ मध्ये बडोद्यास आले. संस्थानच्या फौजेत त्यांना लेफ्टनंटची जागा मिळाल्याचे चरित्रकार सांगतात.

ही पहिली नोकरी जेमतेम पंधरवडाभर टिकली. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि भीमराव मुंबईस निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरले, तेवढ्यात गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांचा जीव केवळ मुलाच्या वाटेकडे लागला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. मुलाच्या शिक्षणासाठी आयुष्यभर कष्ट केलेल्या बापाला त्याच्या पदवीचे सुख महिनाभरही नीट पाहता आले नाही. त्यांची इच्छा मोडून आपण बडोद्याला गेलो, हे भीमरावांच्या मनाला किती लागले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आता पुढे काय? वडिलांचे पेन्शन बंद झाले होते. चार पैसे आणणारी नोकरी पत्करणे हा सरळ मार्ग होता, आणि कुणीही तोच सल्ला दिला असता. परंतु भीमराव बडोद्याच्या त्या नोकरीवर परतले नाहीत. त्याच सुमारास सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्याचे ठरवले होते. भीमराव मुंबईत महाराजांना भेटले, अर्ज केला आणि त्यांची निवड झाली.

४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली. संस्थानाने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे, भीमरावांनी ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता. बावीस वर्षांच्या तरुणाने पुढची दहा वर्षे शब्दात बांधून घेतली. रमाबाई आणि सहा महिन्यांचा यशवंत मुंबईच्या चाळीतच राहिले. मिळणाऱ्या पैशांतून स्वतःचा खर्च भागवून घरीही पैसे पाठवायचे होते.

१९१३ च्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आरंभी ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले अर्धेकच्चे गोमांसाचे जेवण त्यांना रुचेना, म्हणून ते हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या ठिकाणी गेले. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी खोली घेतली. ही मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे अडचणीच्या वेळी भाथेनांनी त्यांना पैशांची मदतही केली.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना आयुष्यात प्रथमच एक वेगळा अनुभव येत होता. वर्गात कुठे बसायचे हे त्यांचे त्यांनी ठरवायचे होते. टेबलावरचे पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायचे होते. जेवताना शेजारी कोण बसले आहे, याची कुणालाच पर्वा नव्हती. सुरुवातीचे काही महिने ते मित्रांबरोबर हिंडले, खेळले, नाटके पाहिली. नव्याने मोकळ्या झालेल्या कोणत्याही तरुणाने हेच केले असते. पण लवकरच घरची आठवण आणि डोक्यावरची जबाबदारी या दोन्ही गोष्टींनी त्यांना जागे केले. आपण कुणाच्या पैशावर आलो आहोत आणि मागे कुणाला ठेवून आलो आहोत, हे विसरून चालणार नव्हते.

मग त्यांनी अभ्यासाला वाहून घेतले. ग्रंथालय उघडण्याच्या वेळी दारात हजर राहायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही, असा क्रम सुरू झाला. खाण्यापिण्यावरचा खर्च त्यांनी अगदी कमी केला. कोलंबियातील वास्तव्यात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम घेतले. त्याशिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय होतेच, फ्रेंच व जर्मनचे प्राथमिक धडेही होते. एम. ए.साठी एवढ्याची गरज नव्हती. पण अशी संधी आपल्या समाजातील दुसऱ्या कुणाला कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि म्हणून मिळेल तेवढे ज्ञान बरोबर न्यायचे होते. अर्थशास्त्राचे प्रा. एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या शिकवण्याचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. वेळ मिळेल तेव्हा ते जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालीत. उपाशी राहून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले.

याच काळात त्यांनी वडिलांच्या एका जमादार स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपल्या समाजाची प्रगती झपाट्याने होईल, असा त्याचा आशय होता. स्वतःचे शिक्षण अर्धे असतानाच हा तरुण इतरांच्या मुलींच्या शिक्षणाची काळजी करू लागला होता. पदवीनंतरच्या त्या एका वर्षात त्यांनी नोकरी धरली आणि सोडली, वडील गमावले, घरापासून हजारो मैल दूर गेले. आणि आपण कशासाठी शिकतो आहोत हेही त्याच वर्षात त्यांना स्पष्ट झाले.

१९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरील आपला निबंध कोलंबियातील एका चर्चासत्रात वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्धा झाला असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार परत यावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. ज्या जहाजातून त्यांचे सामान येत होते ते शत्रूने बुडवले आणि त्याबरोबर कित्येक ग्रंथही गेले.

सप्टेंबर १९१७ मध्ये दिलेला शब्द पाळण्यासाठी ते पुन्हा बडोद्यास आले. येथून पुढचा भाग बडोदेकरांनी मान खाली घालूनच वाचावा असा आहे. कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाला शहरात राहायला खोली मिळेना. नाइलाजाने ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. कचेरीतही वागणूक अपमानाची होती. हाताखालची माणसे त्यांच्याकडे कागद लांबून फेकीत. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव धर्मशाळेत आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे वचन दिल्यावरच तो हलला. भीमरावांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले, आणि डोळ्यांतले पाणी आवरत त्यांनी बडोदे सोडले. कमाटी बागेची ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात १९०६ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या होत्या. एका गरीब विद्यार्थ्याला त्यांनी जगातल्या नामांकित विद्यापीठात पाठवले. एवढे सारे राजाला करता आले. पण त्या विद्यार्थ्याला राहायला एक खोली द्यायची होती ती नागरिकांनी, आणि ती कुणीही दिली नाही. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत संपला. त्यात करार करणाऱ्या तरुणाचा दोष नव्हता.

त्या तरुणाने मात्र उपकार आणि अपमान यांची सरमिसळ होऊ दिली नाही. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२० मध्ये त्यांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले. त्याच वर्षी साठवलेले पैसे आणि मित्रांची मदत घेऊन ते लंडनला परत गेले आणि अर्धवट राहिलेला अभ्यास त्यांनी पुरा केला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. दिली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबियातील प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. तो त्यांनी महाराज सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला. ज्या शहरात आपल्याला छप्पर मिळाले नाही, त्याच शहराच्या राजाचे ऋण त्यांनी असे जगापुढे मान्य केले. पुढे ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि अस्पृश्यता घटनेनेच बंद केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आमचे जे माजी विद्यार्थी यंदा पदवी घेऊन बाहेर पडले आहेत, त्यांनी या हकिकतीतून एवढे लक्षात ठेवावे. पहिली नोकरी पंधरा दिवसांत सुटली म्हणून आयुष्य बिघडत नाही. मात्र ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांचे देणे आपण लागतो, आणि मिळालेला वेळ परत येत नाही, या दोन गोष्टी पहिल्याच वर्षी कळलेल्या बऱ्या.

आणि पालकांनाही एक विनंती. दरवर्षी जून-जुलैत बाहेरगावची कितीतरी मुलेमुली पहिल्या नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आपल्या शहरात येतात आणि गल्लोगल्ली खोली शोधत फिरतात. ती आपल्या दाराशी आली तर भाडे किती, अनामत किती, पाण्याची वेळ कोणती, हे अवश्य बोलावे. आडनाव विचारून दार लावून घेऊ नये.