आसऱ्याला आलेला शहजादा

इंदूरहून येणारा महामार्ग बुऱ्हाणपूर ओलांडून इच्छापूरला पोहोचतो आणि तेथून थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द लागते. उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्यांचा हा जुना पट्टा. मे १६८१ मध्ये याच परिसरात, तापीच्या काठी, एक तेवीस वर्षांचा तरुण येऊन थबकला. मागे बादशाही पाठलाग होता आणि पुढच्या वाटा अंमलदारांनी रोखून धरल्या होत्या. तो औरंगजेबाचा मुलगा, शहजादा महंमद अकबर.

अकबराचा जन्म सप्टेंबर १६५७ मध्ये औरंगाबादेत झाला. महिनाभरातच त्याची आई दिलरासबानू निवर्तली. बीबी का मकबरा ही तिचीच कबर. थोरली बहीण झेबुन्निसा हिने या पोरक्या भावाला माया दिली. पुढे बापाने त्याला राजपुतांविरुद्धच्या मोहिमेवर धाडले. महाराजा जसवंतसिंहाच्या निधनानंतर बादशहाने मारवाड ताब्यात घेतले होते आणि दुर्गादास राठोड त्याविरुद्ध झुंजत होता. मोहिमेत अपयश येत गेले, बापाचे ठपके वाढत गेले आणि अखेर अकबर राजपुतांनाच जाऊन मिळाला. जानेवारी १६८१ मध्ये त्याने स्वतःला बादशहा म्हणून घोषित केले. हे बंड जेमतेम पंधरवडा टिकले. औरंगजेबाने एक बनावट पत्र मुद्दाम राजपुतांच्या हाती पडू दिले आणि अकबर आपल्याला दगा देत आहे अशा समजुतीने ते रातोरात निघून गेले. खरा प्रकार ध्यानी येताच दुर्गादास परत फिरला आणि त्याने शहजाद्याला आपल्या संरक्षणात घेतले. भावाशी पत्रव्यवहार ठेवल्याबद्दल झेबुन्निसेला मात्र उरलेले सारे आयुष्य सलीमगडाच्या कैदेत काढावे लागले.

तापीवरून मागे वळून हे पथक पश्चिमेकडे निघाले आणि खानदेश-बागलाणातून कोकणात उतरले. जूनमध्ये ते संभाजी महाराजांच्या मुलखात पोहोचले. याच महाराजांच्या सैन्याने अवघ्या चार महिन्यांपूर्वी बुऱ्हाणपूरचे बहादूरपूर हे उपनगर लुटले होते. आता त्यांच्याच दारी बादशहाचा मुलगा आसरा मागत होता. महाराजांनी त्याची सुधागडाच्या पायथ्याशी राहण्याची सोय केली. भेटीची घाई मात्र केली नाही. आलेला माणूस खरोखरच परागंदा आहे की बापाचा हस्तक, हे पारखून घेणे त्यांना भाग होते. परीक्षेची वेळ लवकरच आली. महाराजांविरुद्ध कट रचणाऱ्या कारभाऱ्यांनी अकबराशी संधान बांधले, तेव्हा त्याने ती बातमी महाराजांना कळवली. नोव्हेंबर १६८१ मध्ये दोघांची भेट झाली आणि त्याच महिन्यात औरंगजेब आपल्या प्रचंड लवाजम्यानिशी बुऱ्हाणपुरात दाखल झाला. मराठ्यांचे राज्य बुडवणे हा त्याचा हेतू होताच. त्यात पळालेल्या मुलाची भर पडली होती.

आसरा मिळाला, पण अकबराला हवी होती दिल्लीवर चालून जाणारी फौज. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि दारात उभे ठाकलेले मोगल अशा तिहेरी संकटात ती देणे महाराजांना शक्य नव्हते. निराश होऊन तो दक्षिणेकडे सरकला. बांदा आणि मग आपली डिचोली हे त्याचे मुक्काम झाले. १६८३ च्या नोव्हेंबरात वेंगुर्ल्याहून तो गलबतावर चढलाही होता. दुर्गादास आणि कवी कलश यांनी धाव घेऊन त्याला परत आणले. त्याच महिन्यात मराठ्यांनी जुवे बेट जिंकून गोव्याच्या राजधानीला धडक दिली आणि पुढे जे तहाचे बोलणे झाले त्यात या शहजाद्याने मध्यस्थी केली. परक्या मुलखात आसऱ्याला आलेला माणूस यजमान आणि त्याचा शत्रू यांच्यामधला दुवा ठरला.

फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापूरहून त्याने अखेर हिंदुस्थान सोडला. वादळाने गलबत मस्कतला नेले. तेथील इमामाने त्याला औरंगजेबाच्या हवाली करून पैसा मिळवण्याचा बेत आखला होता, असे खाफीखान लिहितो. इराणच्या शहाने दरडावल्यावर त्याची सुटका झाली. १६८८ च्या आरंभी तो इस्फहानला पोहोचला. शहा सुलेमानने त्याचा आदरसत्कार केला, मात्र बापावर चालून जाण्यासाठी सैन्य नाकारले.

संभाजी महाराज आणि शहा, दोघांचेही वर्तन या बाबतीत सारखेच राहिले. त्यांनी निवारा दिला, फौज दिली नाही. आणि शरण आलेल्याला परतही पाठवले नाही. आज आंतरराष्ट्रीय कायद्याने हीच सीमारेषा आखली आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार, जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे कोणालाही परत धाडता येत नाही. आसरा देणे हे शांततामय व मानवतावादी कृत्य असून कोणत्याही राष्ट्राने ते शत्रुत्वाचे मानू नये, असे संयुक्त राष्ट्रांनी १९६७ मध्ये जाहीर केले. भारताने १९५१ च्या करारावर अद्याप सही केलेली नाही. शहजाद्याची रदबदली करायला दुर्गादास होता. सीमेवर मुले कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्यांच्या पाठीशी असा कोणी नसतो. त्यांच्यासाठी कायदा हवा.

अकबराची दोन लहान मुले मारवाडातच मागे राहिली होती. दुर्गादासाने शत्रूच्या त्या नातवंडांना जपून वाढवले. मुलीला तिच्या धर्माचे शिक्षण देण्यासाठी त्याने मुस्लिम शिक्षिका नेमली होती. पुढे ती आजोबांच्या स्वाधीन झाली तेव्हा तिला कुराण मुखोद्गत असल्याचे पाहून औरंगजेब चकित झाला, असे सांगितले जाते. कालांतराने तिचा भाऊही सुखरूप परतला. त्यांचा बाप मात्र परतला नाही. १७०४ च्या सुमारास खुरासानात मशहद येथे त्याचा अंत झाला. बुऱ्हाणपूरमार्गे दख्खनेत उतरलेला औरंगजेबही पुन्हा उत्तरेत गेला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याने देह ठेवला.