पंडिता रमाबाई आणि अखेरची सोबत



दौंडहून रेल्वेने पुण्याकडे जाताना केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथलेच. त्यांची विद्वत्ता सर्वांना ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू सांगत आहोत.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थे हिंडत. दुष्काळात अन्न संपले. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोघे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा कोवळ्या वयाच्या रमाबाईंनी दिला. पुढे 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले.

1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1897 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा केडगावला आणल्या. 1900 च्या दुष्काळानंतर ही संख्या सुमारे 2000 झाली. काही जणी इतक्या खंगलेल्या होत्या, की वाचल्या नाहीत. पण त्या रस्त्यावर मेल्या नाहीत. वृद्ध व दुबळ्या स्त्रियांसाठी तिथे प्रीती सदन उभे राहिले. 1921 मध्ये कन्या मनोरमा निवर्तल्या. आजारी रमाबाईंनी मराठी बायबलचे काम पुरे करत आणले आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावीच देह ठेवला.

रोग बरा करणे आणि रोग्याची काळजी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली थांबली तरी दुसरी थांबत नाही. निष्फळ उपचार थांबवता येतात, माणसाला सोडता येत नाही, असेच आपले चर्चही शिकवते.

आमच्या घरभेटींत दिसते, की डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटले की घरचे हात टेकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा : वेदना कशा कमी होतील? मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यांची भीती बाळगू नका. कूस बदलणे, तोंड स्वच्छ ठेवणे, जखम धुणे हे नर्सकडून शिकून घ्या. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र 1997 पासून कर्करुग्णांची अशी सेवा विनामूल्य करते आणि घरच्यांनाही शिकवते. अगदी शेवटच्या दिवसांची वाट न पाहता तिथे चौकशी करा. फादरांनाही लवकर कळवा. रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या श्वासाचा संस्कार नाही. रुग्ण शुद्धीत असताना त्याला प्रार्थनेत सामील होता येते.

आणि शेजाऱ्यांनो, रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. खांदा द्यायला आपण सगळेच जातो. त्याआधी एक रात्र उशाशी बसायलाही जाऊ या.