सलीम अली : आधी नोंद, मग मत

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की काही मिनिटांतच चोडण बेट लागते. या बेटाच्या पश्चिम टोकाला, भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगणाऱ्या कांदळवनात, गोव्यातील सर्वांत लहान अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. १९८८ मध्ये ते घोषित झाले, तेव्हा ज्यांचे नाव त्याला देण्यात आले, ते डॉ. सलीम अली आदल्याच वर्षी निवर्तले होते. खंड्या, बगळे, पाणकावळे पाहायला येणारा प्रत्येकजण फलकावर हे नाव वाचतो. पक्षीतज्ज्ञ म्हणून ते सर्वपरिचितही आहे. मात्र या माणसाने आयुष्यभर नेमके काय केले आणि त्यांच्या हातून कुठे चूक झाली, हे फलकावरून कळत नाही.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. घरातील ते सर्वांत धाकटे अपत्य. वयाच्या पहिल्या वर्षी वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले. बडोदे संस्थानात सरन्यायाधीश राहिलेले आणि पुढे गांधीजींचे निष्ठावंत सहकारी झालेले अब्बास तय्यबजी याच कुटुंबातले.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या सुखवस्तू घरात मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक येणे नवलाचे नव्हते. एके दिवशी सलीमने एक चिमणी टिपली. ती नेहमीच्या चिमणीसारखी दिसत असली, तरी तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी कोणता, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे ओळखले. एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटे उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी मुलाला दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेशी तेव्हा जुळलेले नाते अखेरपर्यंत टिकले.

शिक्षणाची वाट मात्र सरळ नव्हती. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील अभ्यास अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय पाहायला गेले. व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचे मन अधिक रमले. मुंबईला परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने ती त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. दोनच वर्षांनी अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. पक्ष्याचे नाव आणि रंग टिपून काम संपत नाही; त्याचे जगणे समजून घ्यावे लागते, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

१९३० मध्ये ते परतले, तेव्हा पैशाअभावी संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली होती. नोकरी नाही, पदवी नाही, अशा अवस्थेत पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरे काही हाताशी नसलेल्या या माणसाने ती घरटी दिवसच्या दिवस निरखली. सुगरणीच्या विणकामाचे कौतुक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे, परंतु घरटे विणतो तो नर. तो एकाच वेळी काही घरटी अर्धवट विणून ठेवतो. मादी येऊन त्यांची पाहणी करते आणि एखादे पसंत पडले तरच त्यात संसार थाटते. त्यानंतर नर ते घरटे पूर्ण करतो आणि पुढच्या घरट्याकडे, पुढच्या मादीकडे वळतो. सुगरणीच्या विणीचा हा उलगडा सलीम अली यांनी केला. बेकारीच्या त्या पावसाळ्याने त्यांचे नाव पक्षीशास्त्रात पक्के केले.

यानंतर संस्थानांच्या पक्षीसर्वेक्षणांचा काळ सुरू झाला. देशातील बहुतेक प्रदेशांत कोणते पक्षी आहेत, कोणत्या ऋतूत असतात, कुठे घरटी करतात, याची पद्धतशीर माहितीच नव्हती. सलीम अली यांनी सोसायटीमार्फत संस्थानिकांपुढे साधा प्रस्ताव ठेवला : प्रवासाचा आणि तळाचा खर्च दरबाराने करावा, ते स्वतः मोबदला घेणार नाहीत. १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात हे काम झाले, १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये. पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या दरबारांनीही साह्य केले. आज मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या माळव्यातील माळराने आणि मराठवाड्यातील डोंगररांगा त्या वेळी प्रथमच एका शिस्तीने नोंदवल्या गेल्या. तहमीना बेगम बहुतेक दौऱ्यांत सोबत असत. तंबूतला संसार, हिशेब आणि पत्रव्यवहार त्या सांभाळत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहिले.

या दौऱ्यांत बंदूक नेहमी बरोबर असे. शास्त्रीय नमुना मिळवण्यासाठी पक्षी मारणे त्या काळी अपरिहार्य मानले जाई आणि सलीम अली यांनी ही बाब कधी लपवली नाही. नमुन्यासाठी मोजके पक्षी टिपणे आणि हौसेखातर हजारोंची कत्तल करणे, या दोन गोष्टींत ते स्पष्ट भेद करत. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण भरतपूरचे. तेथील केवलादेव पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, योगायोगाने सलीम अली यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तिथल्या शिलालेखावर विक्रम म्हणून कोरलेला आहे.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पक्षीनिरीक्षण साहेबी छंदाच्या चौकटीतून बाहेर पडले. रंगीत चित्रे आणि सुबोध वर्णन यांमुळे सामान्य वाचकाला अंगणातला पक्षी ओळखता येऊ लागला. देहरादूनच्या तुरुंगातून नेहरूंनी इंदिरा गांधींना भेट पाठवलेले पुस्तक हेच. त्यानंतर अमेरिकी पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९६८ ते १९७४ या काळात तो प्रसिद्ध झाला, तेव्हा सलीम अली सत्तरी ओलांडलेले होते. वय त्यांच्या आड क्वचितच आले. मोटारसायकलींचे त्यांना विलक्षण वेड होते; १९५० मध्ये स्वीडनमधील आंतरराष्ट्रीय पक्षीशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बोटीने युरोपात नेली होती.

पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे मोठे कामही त्यांच्या नेतृत्वाखाली सोसायटीने हाती घेतले. त्याला निमित्त एका रोगाचे झाले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरी तालुक्यालाही ज्याची झळ बसली, तोच हा माकडताप. त्याचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता असल्याने तो स्थलांतरी पक्ष्यांनी आणला असावा, असा संशय होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने हजारो पक्ष्यांना कडी घालण्यात आली. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही. मात्र ते कुठून येतात आणि कुठे जातात, याची भारतातील पहिली मोठी नोंद त्यातून उभी राहिली.

या नोंदींना स्वातंत्र्योत्तर काळात वजन प्राप्त झाले. केवलादेवचे पाणी काढून तिथे शेती करण्याची मागणी झाली, तेव्हा ही पाणथळ वाचवण्यासाठी सलीम अली यांनी आपला शब्द खर्ची घातला. केरळमधील सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण होणार होते. सिंहपुच्छ वानरांचे ते सदाहरित अरण्य पाण्याखाली जाऊ नये, म्हणून वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी प्रत्यक्ष तिथे जाऊन प्रकल्प रद्द करण्याचे आवाहन केले. अखेर प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये त्या अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्रावणकोरच्या दौऱ्यात त्यांनी पक्षीसंपदेसाठी वाखाणलेले थट्टेकाड १९८३ मध्ये अभयारण्य झाले. पन्नास वर्षांपूर्वीची नोंद अशी कामी आली.

भरतपूरची कथा मात्र इथे संपत नाही. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथे गुरे चारण्यावर १९८२ मध्ये बंदी आली. भोवतालच्या गावांची गुरे आणि म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाणथळीत चरत. त्या बाहेर काढल्या पाहिजेत, असे सलीम अली यांचेही मत होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जे घडले ते कोणीही अपेक्षिले नव्हते. म्हशींचे तोंड न लागल्याने पाण्यातले गवत बेसुमार माजले, उथळ पाणी झाकले गेले आणि अनेक पाणपक्ष्यांची संख्या घटली. म्हशींचे चरणे या पाणथळीसाठी आवश्यकच होते, असा निष्कर्ष सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून निघाला. तो पूर्णपणे पुढे आला, तेव्हा सलीम अली हयात नव्हते.

या प्रसंगामुळे त्यांचे मोठेपण उणावत नाही, पण ते सोडून त्यांचे चरित्र सांगणेही प्रामाणिकपणाचे ठरत नाही. ज्यांनी सुगरणीच्या घरट्याखाली आधी पाहिले आणि मग मत बनवले, त्यांनी भरतपूरच्या म्हशींबाबत मत आधी बनवले. त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली आणि त्याआधी गावकऱ्यांनी मोजली. हा दोष ज्यामुळे उघड झाला, ती वर्षानुवर्षे मोजून नोंद ठेवण्याची शिस्त मात्र त्यांनीच या संस्थेत रुजवली होती.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व, असे सन्मान त्यांना लाभले. वन्यजीव संरक्षणासाठीच्या गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला दिली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रात आता ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी तो सुरू होतो आणि सलीम अली यांच्या जन्मदिनी संपतो.

चोडणच्या अभयारण्याबाहेर खाजन शेती आहे, बांध आहेत, मानशी आहेत आणि त्यांवर जगणारी माणसे आहेत. कोणता बांध राखल्याने पक्षी येतात, कोणता फुटल्याने कांदळ वाढते आणि कोणाच्या पोटावर पाय येतो, या प्रश्नांची उत्तरे भरतपूरच्या अनुभवावरून आयती मिळणार नाहीत. त्यासाठी ओहोटीच्या वेळी तिथेच उभे राहून, अनेक वर्षे, पक्षी आणि माणसे या दोघांचीही नोंद ठेवावी लागेल.