सुताराचा मुलगा आणि निळी बाळं

आमच्या गल्लीत एक छोटी मुलगी आहे. चार पावलं चालली की धाप लागून उकिडवी बसायची, ओठ निळे पडायचे. ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट झालं, पण पुढच्या तपासण्या राहून गेल्या. शहरात जायचं म्हणजे वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं वेगळंच. अशा मुलांच्या पहिल्या ऑपरेशनमागे जे हात होते, त्यांची गोष्ट वाचली तेव्हा कळलं की त्यांच्याही वाटेत पैसाच आडवा आला होता.

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या लुईझियानाचा. कृष्णवर्णीय कुटुंब, वडील सुतार. नॅशव्हिलमध्ये सुतारकाम करत त्यांनी कॉलेजसाठी पै-पै साठवली. डॉक्टर व्हायचं पक्कं होतं. पण मंदी आली आणि काम गेलं. फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. त्याच वर्षी बँक बुडाली, साठवलेले पैसे गेले. कॉलेज कायमचं राहिलं.

प्रयोगशाळेत मात्र या माणसाने कमाल केली. शस्त्रक्रिया शिकले, प्रयोग स्वतः करू लागले. पगार आणि हुद्दा मात्र झाडूवाल्याचा! १९४१ मध्ये ब्लेलॉक यांच्याबरोबर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला गेले.

तिथे डॉ. हेलन टॉसिग निळ्या बाळांवर उपचार करत होत्या. या बाळांच्या हृदयात छिद्र असतं आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. रक्ताला प्राणवायू कमी पडतो. ना खेळ, ना शाळा. बरीच मुलं लहानपणीच जायची. उपाय ऐकायला आपल्या पाइप फिटिंगसारखा: हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या वाहिनीला जोडायची. थॉमस यांनी सुमारे २०० कुत्र्यांवर प्रयोग करून ही जोडणी बसवली, त्यासाठी सुयाही स्वतः कापून-घासून तयार केल्या. आपल्या वर्कशॉपला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी १५ महिन्यांच्या मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं. ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, पण तिसऱ्या मुलाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. मग लांबलांबून आईबाप मुलांना घेऊन येऊ लागले.

१९४५ च्या शोधनिबंधात थॉमस यांचं नाव नव्हतं. घर चालवायला ते पार्ट्यांमध्ये पेयं वाढायचे, कधी दिवसा ज्यांना शिकवलं त्याच डॉक्टरांना. १९७६ मध्ये हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची. १९८५ मध्ये ते वारले. आता त्या जोडणीच्या नावात ब्लेलॉक आणि टॉसिग यांच्याबरोबर थॉमसही घेतलं जातं.

हजार जन्मांमागे साधारण ८-९ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. गरिबाच्या घरात असो की श्रीमंताच्या, दोष तोच. फरक पडतो तो नंतर: औषधं, पोटभर खाणं, वेळेवर तपासणी, शाळा.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्या मुलीच्या वडिलांना तपासणीचं विचारलं. हातातलं काम संपलं की बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती मात्र अंगणात लंगडी खेळत होती.