पायाला पिंजरा लावणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, नांदेड-लातूर रस्त्यानं मोटारसायकलवर मागं एका अंगाला बसून आपण किती जणी जातो! गाडी घसरली की आधी पाय सापडतो. नडगीवर पुढून मांस नाहीच, कातडीखाली लगेच हाड. त्यामुळं ते मोडलं की कातडी फाडून बाहेर येऊ शकतं आणि जखम चिघळू शकते. अशा वेळी आत पट्टी बसवणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टर पुष्कळदा बाहेरून आधार देतात. त्यातला कड्यांचा पिंजरा ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते डॉ. गॅव्रिल इलिझारोव्ह.

जन्म 1921चा. अझरबैजानातल्या गरीब घरात वाढले, सहा भावंडांत थोरले. शाळेत गेले तेही उशिरा. 1944 मध्ये डॉक्टर झाले आणि सैबेरियातल्या कुर्गान भागात, एका खेड्यात नेमणूक झाली. युद्धाचा तो काळ, न जुळलेली हाडं घेऊन माणसं यायची. साधनं मात्र जेमतेम. 1951च्या सुमाराला त्यांनी हा पिंजरा तयार केला. बारीक तारा हाडातून आरपार घालायच्या आणि बाहेरच्या कड्यांना ताणून बांधायच्या. हाड हलत नाही, जखम उघडी राहते, रोज साफ करता येते.

पुढं त्यांना कळलं की कापलेल्या हाडाची टोकं दिवसाला एक मिलिमीटर, तेही थोडंथोडं करून लांबवली, तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं! मॉस्कोतले मोठे डॉक्टर मात्र त्यांना फिटर समजून हिणवत.

मग आले व्हॅलेरी ब्रुमेल, 1964च्या ऑलिम्पिकचे उंच उडीतले विजेते. 1965 मध्ये मोटारसायकलवर मागं बसलेले असताना अपघात झाला, घोट्याजवळ पाय चिरडला. पुष्कळ ऑपरेशनं झाली, गुण येईना. 1968 मध्ये इलिझारोव्हनी तो पाय जुळवला आणि ब्रुमेल पुन्हा उड्या मारू लागले. 1980 मध्ये इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी बरे झाले, तेव्हा कुठं पश्चिमेला ही पद्धत कळली. आपल्याकडं मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी बाहेरून आधार देण्याची स्वतःची सुटसुटीत पद्धत काढली. इलिझारोव्ह 1992 मध्ये गेले.

माझ्या जावेच्या पायाला असाच पिंजरा होता, कित्येक महिने. बघायला येणाऱ्या बायका डोळे पुसायच्या, काढून टाक म्हणायच्या. ती मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं वॉकर धरून चालायची. खरी अडचण वेगळीच होती. आजवर घरातल्या सगळ्यांची दुखणी तिनं काढलेली, आता तिचं कोण काढणार? शेवटी भाऊजींनीच तारांभोवती रोज साफ करायला शिकून घेतलं.

दवाखान्यात बसवलेला हा पिंजरा सांभाळायचा असतो घरानंच. तारेपाशी लाली, पू दिसला किंवा ताप आला, तर हळद न लावता लगेच डॉक्टरांकडं जावं. मिश्री बंद करावी, तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो. आणि पिंजरा बाईच्या पायाला असेल, तर चूल, धुणं, पाणी कोण बघणार हे दवाखान्यातून घरी येण्याआधीच ठरवून घ्यावं. पाय वाचणं त्यावरही अवलंबून असतं, बरं का!