विश्लेषण : लहान मुलांना भूल देताना पहिली मिनिटे नाजूक का? जॉन स्नो यांनी काय शोधले?

भिवंडी तालुक्यातील अंबाडीहून मुलाला शस्त्रक्रियेसाठी भिवंडी, ठाणे वा मुंबईला नेणाऱ्या पालकांना भूलतज्ज्ञ दोन प्रश्न हमखास विचारतात : मुलाने शेवटचे कधी खाल्ले आणि सर्दी-खोकला आहे का? दोन्ही प्रश्न श्वासाशी निगडित आहेत. भूल आणि श्वास यांचा शास्त्रीय अभ्यास सुरुवातीच्या काळात करणाऱ्यांत डॉ. जॉन स्नो यांचे नाव अग्रभागी आहे.

जॉन स्नो कोण होते?

१८१३ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे मजुराच्या घरात जन्मलेले स्नो १४व्या वर्षी न्यूकॅसलला डॉक्टरकडे उमेदवारी करू लागले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपातून कॉलरा पसरल्याचे दाखवणारे डॉक्टर म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. मात्र त्यांचा मुख्य व्यवसाय भूल देण्याचा होता. त्याआधी, १८४१ मध्येच त्यांनी गुदमरलेल्या नवजात बाळांना श्वास देण्यावर निबंध लिहिला होता.

त्यांनी काय बदलले?

जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ पायाचे नख काढताना १५ वर्षांची हॅना ग्रीनर क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत दगावली. कापडावर ओतलेल्या औषधाची वाफ किती दाट होते यावर ताबा राहत नाही, हे स्नो यांनी कारण मानले. वाफेत भरपूर हवा मिसळून मात्रा हळूहळू वाढवण्यावर त्यांचा भर होता. मुलांचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असल्याने त्यांना भूल लवकर चढते आणि लवकर उतरते, हेही त्यांनी नोंदवले. १८५३ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला. १८५८ मध्ये, ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्लोरोफॉर्मवरील त्यांचा ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

आज काय काळजी घेतात?

मुलांचा श्वासमार्ग अरुंद असतो. वजनाच्या तुलनेत त्यांना प्राणवायू प्रौढांच्या सुमारे दुप्पट लागतो. त्यामुळे श्वास अडला तर रक्तातील प्राणवायू झपाट्याने घटतो. म्हणूनच भूल देताना तो यंत्रावर सतत पाहिला जातो. नुकतीच सर्दी झाली असेल तर स्वरतंतू आवळून श्वासमार्ग बंद होण्याचा धोका वाढतो. पोट भरलेले असेल तर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

पालकांनी काय करावे?

साधारणपणे भुलेआधी ६ तास जेवण व वरचे दूध, ४ तास आईचे दूध आणि २ तास पाणी बंद ठेवतात. नेमकी वेळ डॉक्टरांकडून घ्यावी. वाटेत मुलाला बिस्किट दिले असेल किंवा गेल्या दोन आठवड्यांत सर्दी झाली असेल, तर ते न लपवता सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, पण धोका टळेल.